उजवीकडून येणारा

सावंतवाडीत गेली अठ्ठावीस वर्षं मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. इतिहास मी कॉलेजात शिकलेलो नाही. बारावीनंतर गॅरेजात लागलो, तिथून स्टिअरिंगवर आलो आणि मग दुसऱ्यांना स्टिअरिंग शिकवू लागलो. जे वाचलं ते दुपारच्या रिकाम्या वेळात, ‘एल’ लावलेल्या गाडीत बसून, पुढच्या शिकाऊची वाट बघत. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी करारांची आणि कायद्यांची नावं घेणार आहे आणि ती घेणारा माणूस कोण हे वाचकाला ठाऊक असलेलं बरं. या अभ्यासाला निमित्त झालं ते एका फोनचं.

२०१५ च्या मे महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फ्रान्समधून फोन आला. मुलगा आमच्याच तालुक्यातला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, कंपनीच्या कामासाठी तीन महिने तिकडे गेलेला. गाडी माझ्याकडे शिकला होता आणि चांगली चालवायचा. जाण्याआधी आंतरराष्ट्रीय परमिटसाठी आरटीओचा फॉर्म ४-अ भरायला माझ्याकडेच आला होता. तेव्हा त्याने विचारलं होतं, “सर, तिकडचे नियम वेगळे असतील ना?” मी फॉर्मवरून मान वर न करता म्हणालो होतो, “गाडी खंयय गेली तरी गाडीच रे. फक्त उजव्या बाजूने चालव म्हणजे झालं.”

त्याने तेच केलं. भाड्याची गाडी घेऊन पहिले दोन दिवस एका मोकळ्या पार्किंगमध्ये उजव्या बाजूने चालवण्याचा सराव केला. तिसऱ्या दिवशी एका लहान गावातल्या मुख्य रस्त्याने सरळ जात असताना उजवीकडच्या अरुंद गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवरून आले आणि थेट रस्त्यावर शिरले. गाडीची धडक बसली. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. फोनवर तो रडत नव्हता, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “तो थांबलोच नाय, सर. माका वाटलां तो थांबतलो.”

चूक त्याची ठरली. रस्ता मोठा होता, तो वेगातही नव्हता, बाजू अचूक होती, तरीही चूक त्याचीच. ज्या चौकात वेगळी सूचना नसते, तिथे फ्रान्समध्ये उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. गल्ली कितीही लहान असो, येणारा स्कूटरवर असो की ट्रकवर. चौकाच्या अलीकडे एक त्रिकोणी फलकही होता आणि त्यात काळी फुली होती. ती फुली याने पाहिली होती. आपल्याकडे फुली रेल्वे फाटकाशी असते, म्हणून रूळ कुठे दिसतात का ते तो बघत होता.

ते म्हातारे गृहस्थ पुढे चालू लागले, काठी घेऊन. पण माझ्या त्या एका वाक्याचं ओझं माझ्याकडेच राहिलं. ती फुली कुठून आली, हे शोधायला मी त्यानंतर बसलो.

* * *

मोटार चालवायला सरकारची परवानगी लागते, ही कल्पनाच मुळात फ्रान्समध्ये लवकर रुजली. १४ ऑगस्ट १८९३ च्या पॅरिस पोलिसांच्या आदेशाने शहरात यांत्रिक वाहन चालवणाऱ्याला पात्रतेचा दाखला आवश्यक केला. १० मार्च १८९९ च्या हुकुमाने हा दाखला देशभर लागू झाला आणि वेगाची मर्यादाही ठरली: मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर, वस्तीत २०. आज हे आकडे वाचून हसू येतं, पण रस्ता तेव्हा घोड्यांचा, गुरांचा आणि पायी चालणाऱ्यांचा होता. मोटार त्यांच्यातली पाहुणी होती.

ही पाहुणी लवकरच सीमा ओलांडू लागली. युरोपातले देश लहान. सकाळी एका देशातून निघालेला मोटारवाला संध्याकाळपर्यंत तिसऱ्या देशात पोचायचा. प्रत्येक नाक्यावर गाडीची तपासणी, चालकाची तपासणी. यावर उपाय म्हणून पॅरिसमध्ये परिषद भरली आणि ११ ऑक्टोबर १९०९ रोजी मोटार वाहतुकीविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. गाडी आणि चालक या दोघांसाठी मिळून एकच आंतरराष्ट्रीय दाखला त्यात ठरला. गाडीच्या मागे देशाची अक्षरं असलेली लंबगोल पाटी लावण्याची पद्धत याच कराराची.

धोक्याच्या जागांसाठी करारात चार चिन्हं ठरली. रस्त्यावरचा उंचवटा किंवा खड्डा, वळण, रेल्वे फाटक आणि चौक. चौकाचं चिन्ह होतं फुली! इंग्रजी भाषांतर वाचताना मी तिथे बराच वेळ थांबलो होतो. माझ्या विद्यार्थ्याने पाहिलेली फुली शंभरहून अधिक वर्षांची होती. तिच्याभोवतीचा त्रिकोण नंतर आला. १९२६ च्या पॅरिस कराराने धोक्याच्या फलकांसाठी त्रिकोण हा आकार घेतला. त्याच कराराने जुना एकत्र दाखला मोडून गाडीचा दाखला वेगळा आणि चालकाचं परमिट वेगळं केलं. आज आपल्या हातात पडणारी करड्या वेष्टनाची पुस्तिका ही त्या परमिटाची वंशज.

पण १९०९ च्या करारातल्या दोन गोष्टी मला चिन्हांहून मोलाच्या वाटल्या. पहिली अशी: समोरून येणाऱ्या वाहनाला बाजू देताना आणि पुढच्याला ओलांडताना चालकाने तो जिथे असेल तिथल्या रिवाजाप्रमाणे काटेकोर वागावं, असं त्यात म्हटलं आहे. शब्द ‘रिवाज’ असा आहे, कायदा नव्हे. दुसरी अशी: परक्या देशात चालकाने तिथले कायदे पाळलेच पाहिजेत, आणि त्या कायद्यांचा उतारा जकातीच्या नाक्यावर, देशात शिरतानाच, त्याच्या हाती देता येईल.

म्हणजे ज्यांनी ही व्यवस्था उभी केली, त्यांना अडचण पहिल्या दिवसापासून दिसत होती. चालवता येणं हे एक, आणि इथे कसं चालवतात हे दुसरं. पहिल्याची खात्री चालकाच्या मायदेशाने द्यायची. दुसऱ्यासाठी नाक्यावर एक कागद मिळू शकेल. पुढच्या शंभर वर्षांत पहिली गोष्ट पक्की होत गेली. विमानतळावर भाड्याच्या गाडीची किल्ली घेताना दुसऱ्या गोष्टीचा कागद हाती पडल्याचं माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला सांगितलेलं नाही.

* * *

परदेशात गाडी म्हटलं की आपण पहिल्यांदा बाजूचाच विचार करतो, जसा मी केला. म्हणून तिच्याविषयी थोडं सांगतो. डावी-उजवी कशी ठरली याच्या कथा भरपूर आहेत. तलवारीच्या हाताची कथा आहे, नेपोलियनचीही आहे. त्यांतल्या बऱ्याच ऐकायला छान आणि पुराव्याला कच्च्या आहेत. कागदावर सापडतं ते एवढं: अमेरिकेत पेनसिल्वेनियाने १७९२ मध्ये आपल्या एका टोलरस्त्यासाठी उजवी बाजू ठरवली आणि ब्रिटनने १८३५ च्या कायद्याने डावी बाजू सक्तीची केली. साम्राज्याबरोबर ती आपल्याकडे आली.

आमच्या सावंतवाडीला बाजूचा प्रश्न परका नाही, कारण १९६१ पर्यंत परदेश आमच्या दारात होता. वडील पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका व्यापाऱ्याच्या लॉरीवर होते. बांद्याच्या पुढे हद्द आणि पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. ते सांगायचे, “हद्द ओलांडली की पोलिसाची टोपी बदलायची, पैसे बदलायचे, कचेरीवरची पाटी बदलायची. स्टिअरिंग मात्र बदलायचं नाही.” लहानपणी मला यात नवल वाटलं नव्हतं. नवल वाटलं ते पोर्तुगालने स्वतः जून १९२८ मध्ये डावी बाजू सोडून उजवी घेतली, हे वाचल्यावर. लिस्बनमध्ये गाड्या उजवीकडून धावू लागल्या तरी गोवा, मकाव आणि मोझांबिक डावीकडेच राहिले, कारण त्यांना लागून असलेले शेजारी डाव्या बाजूचे होते. बाकी सगळं लिस्बनहून आलं, पण रस्त्याला शेजारच्या मुलखाशी जुळवून घ्यावं लागलं. मकाव आणि मोझांबिकमध्ये आजही गाड्या डावीकडूनच चालतात.

वडिलांच्या लॉरीला परदेशी जाताना काही शिकावं लागलं नाही, ते एवढ्यामुळे. हद्दीच्या अलीकडचा आणि पलीकडचा बैलगाडीवाला एकाच रिवाजाचा होता. १९५५ च्या सुमारास नाकेबंदी झाली आणि त्यांच्या फेऱ्या थांबल्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर ते पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच बाजूने गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९ सप्टेंबर १९४९ रोजी, जिनिव्हात नवा करार झाला. भारत त्यात आहे आणि आपलं आंतरराष्ट्रीय परमिट याच कराराच्या आधारे निघतं. एका देशात सगळीकडे एकच बाजू असली पाहिजे, असं त्यात कलम आहे. या एका कलमाचं सामर्थ्य जपानच्या ओकिनावा बेटांवर दिसलं. युद्धानंतर ती अमेरिकेच्या ताब्यात होती आणि तिथे वाहनं उजवीकडून चालत. १९७२ मध्ये बेटं जपानला परत मिळाली. जपान डाव्या बाजूचा आणि या कराराने बांधलेला. तेव्हा ३० जुलै १९७८ च्या सकाळी सगळ्या ओकिनावाने बाजू बदलली.

स्वीडनने उलटा प्रवास केला. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी उजव्या बाजूला नकार दिला होता. तरी शेजारी देश उजवीकडून चालतात म्हणून ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाचला सारा देश डावीकडून उजवीकडे गेला. गाड्या दहा मिनिटं आधी थांबल्या, रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या आणि पाचच्या ठोक्याला पुन्हा निघाल्या. तो दिवस निभावला, कारण सगळे एकदम बदलले आणि समोरचाही आपल्यासारखाच गोंधळलेला आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. परदेशी गेलेला चालक एकटा बदलतो. समोरच्याला त्याची कल्पनाही नसते.

* * *

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, हा नियम साधा आहे. दिवा नको, पाटी नको, पोलीस नको. आपला उजवा हात कोणता एवढं कळलं की झालं. फ्रान्सची पहिली सर्वसाधारण रस्ता-संहिता २७ मे १९२१ ची. तेव्हापासून आजवर दिवे आले, फलक आले, पण वेगळी सूचना नसेल तिथे उजवीकडच्याचाच मान, हे टिकलं. जर्मनीतही असाच नियम आहे. मोठ्या रस्त्याला सलग अग्रक्रम द्यायचा असेल तर युरोपात पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसतो. तो दिसला की उजवीकडचा थांबणार. तो नसेल तर आपण सावध राहायचं. गंमत अशी की अमेरिकेत टोकावर उभा केलेला पिवळा चौकोन धोक्याची सूचना देतो. १९६८ च्या व्हिएन्ना कराराने धोक्यासाठी त्रिकोण आणि असा चौकोन हे दोन्ही आकार मान्य केले. एकच आकार एका देशात ‘निर्धास्त जा’ म्हणतो, दुसऱ्यात ‘जपून जा’.

शब्द तोच असून अर्थ कसा फिरतो याचं आणखी चांगलं उदाहरण गोल चक्कराचं. आपण डावीकडून चालतो, म्हणून चक्कर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. त्यात शिरताना उजवीकडून येणारा हा आधीच चक्करात असलेला असतो. त्याला जाऊ दिलं की चक्कर मोकळं राहतं. फ्रान्समध्ये चक्कर उलटं फिरतं. तिथे उजवीकडून येणारा हा बाहेरून आत शिरणारा. त्याला मान दिला की आतले अडकतात, आणि बाहेरून भर पडतच राहते. म्हणून १९८४ पासून फ्रान्सने फलक लावलेल्या चक्करांमध्ये आतल्यांना अग्रक्रम दिला. पॅरिसच्या विजय-कमानीभोवतीच्या प्रचंड चौकात मात्र जुनाच नियम चालू आहे. तिथला गोंधळ पाहायला पर्यटक उभे राहतात.

इथवर वाचून मला थोडं हायसं वाटत होतं. नियम परका होता, मुलाला कसा कळणार? माझी चूक अज्ञानाची, असं मनाचं समाधान करून घेत होतो. मग एक दिवस सहज आपला जुना मोटार वाहन कायदा उघडला. १९३९ च्या त्या कायद्याच्या दहाव्या परिशिष्टात वाहन चालवण्याचे नियम आहेत. चौकात शिरताना, जो रस्ता मुख्य म्हणून जाहीर केलेला आहे त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यावं आणि इतर सर्व ठिकाणी आपल्या उजव्या हाताने येणाऱ्या वाहतुकीला आधी जाऊ द्यावं, असं त्यात लिहिलेलं आहे. १९८९ च्या नियमावलीत ते जवळपास त्याच शब्दांत आलं.

पुस्तक मिटून मी बाहेर आलो. नियम परका नव्हताच. माझ्या शाळेच्या कपाटात, शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेसाठी मीच वाटतो त्या प्रश्नपत्रिकांत तो होता. त्या मुलाने २००६ साली त्यावर बरोबर खूणसुद्धा केली असणार. पण आमच्या शाळेजवळच्या तिठ्यावर मी त्याला जे शिकवलं ते वेगळं होतं. हॉर्न दे. मोठी गाडी असेल तर थांब, लहान असेल तर ती थांबेल. मुख्य रस्त्यावर तू असलास तर गल्लीतला थांबतो. यातलं एक वाक्यही कायद्यात नाही. पण आमच्या तिठ्यावर जगायला हेच लागतं, आणि तो मुलगा फ्रान्सला जाताना हेच घेऊन गेला. १९०९ च्या भाषेत सांगायचं तर कायदा दोन्हीकडे जवळजवळ एक होता, रिवाज वेगळा होता.

यानंतर मी एक प्रयोग केला. महिनाभर त्या तिठ्यावर उजवीकडून येणाऱ्या प्रत्येकासाठी थांबलो. पहिल्याच दिवशी मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून बाजार गोळा केला. उजवीकडचा रिक्षावालाही थांबला, माझ्याकडे बघत राहिला आणि शेवटी हात दाखवून म्हणाला, “जावा की सर, कोणाची वाट बघतास?” माझं वागणं कायद्याला धरून होतं आणि त्या तिठ्यावर अडथळा मीच होतो.

तेव्हा मला फ्रान्समधले ते म्हातारे गृहस्थ निराळे दिसू लागले. ते बघता आले, हे बेफिकीरपण नव्हतं. आयुष्यभर त्या गल्लीतून ते तसेच बाहेर पडले होते आणि मुख्य रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्यांच्यासाठी थांबला होता. डावीकडून येणारा थांबेल यावर त्यांचा विश्वास होता. उजवीकडून येणारा थांबेल असं माझ्या विद्यार्थ्याने गृहीत धरलं होतं. दोघांनीही आपापल्या गावचं माणूस समोर आहे असं धरलं, आणि एकाच्या मांडीचं हाड मोडलं.

* * *

१९४९ च्या करारात म्हटलं आहे की मायदेशी पात्रता सिद्ध करून ज्याने लायसन्स मिळवलं, त्याला दुसऱ्या देशाने पुन्हा परीक्षा न घेता गाडी चालवू द्यावी. हे औदार्य मोठं आहे. त्यामुळेच आपली मुलं विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी गाडी काढू शकतात. पण परमिट हे लायसन्सचं अनेक भाषांतलं भाषांतर आहे, नियमांचं नव्हे. त्यात नाव आहे, वाहनाचा वर्ग आहे, वर्षभराची मुदत आहे. समोरचा माणूस कशाची अपेक्षा धरून येतो आहे, ते त्यात नाही.

म्हणून हल्ली फॉर्म ४-अ घेऊन येणाऱ्याला मी तासभर बसवतो. कुठे चाललात, ते विचारतो. त्या देशाच्या वाहतूक खात्याचं अधिकृत पुस्तक मिळवायला लावतो. अमेरिकेला जाणाऱ्याला सांगतो, की लाल दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळण्याची मुभा तिथे बहुतेक ठिकाणी आहे, तेलटंचाईच्या काळात, १९७५ च्या इंधनबचतीच्या कायद्यानंतर ती देशभर पसरली, पण न्यूयॉर्क शहरात पाटी नसेल तर ती नाही. शाळेची बस दिवे लुकलुकवत थांबली तर तिच्या मागे थांब, आणि दुभाजक नसेल तर समोरून येत असतानाही थांब. युरोपात जाणाऱ्याला फळ्यावर त्रिकोण काढून त्यात फुली मारून दाखवतो. शेवटी सगळ्यांना एकच सांगतो: पहिला दिवस गाडी चालवू नकोस. एखाद्या चौकात उभा राहा आणि कोण कोणासाठी थांबतं ते बघ.

गेल्या महिन्यात जर्मनीला निघालेली एक मुलगी आली होती. तिला फुली समजावली, उजवीकडच्याचा मान समजावला. तिने वहीत नीट लिहून घेतलं. मग म्हणाली, “सर, हा प्रश्न आपल्या परीक्षेतपण होता ना?”

“होता.”

“म्हणजे आपल्याकडेही हाच नियम आहे?”

“१९३९ पासून.”

तिने खिडकीतून तिठ्याकडे पाहिलं. एक डंपर हॉर्न देत गल्लीतल्या स्कूटरला मागे सारत होता. “मग आपण का नाही थांबत?” तिने विचारलं.

पॅरिस, जिनिव्हा, व्हिएन्ना, सगळी वर्षं मला तोंडपाठ होती. तिच्या प्रश्नाला त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. मी तिचा फॉर्म पुढे ओढला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.